होम प्लेटची चोरी : १९५५ ची वर्ल्ड सिरीज, जॅकी रॉबिन्सन आणि बेसबॉल चाहत्यांचा वाद

प्रस्तावना

खेळाचा इतिहास लिहिताना विजय-पराजयाच्या नोंदी, खेळाडूंची चरित्रे आणि संस्थांचे कागदपत्र यांचा आधार सामान्यतः घेतला जातो. खेळ पाहणाऱ्या माणसांनी एखाद्या सामन्याविषयी केलेल्या चर्चेकडे मात्र इतिहासाचे साधन म्हणून फारसे पाहिले जात नाही. वास्तविक कोणती कृती शहाणपणाची मानली गेली, कोणती उतावळेपणाची ठरली, कोणाच्या धाडसाला बुद्धीचे श्रेय मिळाले आणि कोणाचे धाडस केवळ उपजत गुण म्हणून बाजूला सारले गेले, याचे उत्तर धावफलकात सापडत नाही. ते प्रेक्षकांच्या वादात सापडते. या दृष्टीने अमेरिकेतील बेसबॉलच्या इतिहासात २८ सप्टेंबर १९५५ या दिवसाला विशेष महत्त्व आहे. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना झाला आणि त्यात ब्रुकलिन डॉजर्स संघाच्या जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने पिचरच्या हातात चेंडू असताना तिसऱ्या बेसवरून धाव घेऊन होम प्लेट 'चोरली'. सामना डॉजर्सने गमावला. तरीही तो खेळाडू बाद होता की नव्हता आणि त्या क्षणी धावणे योग्य होते की अयोग्य, हा वाद पुढील अनेक दशके चालू राहिला.

प्रस्तुत लेखात या प्रसंगाच्या निमित्ताने बेसबॉलमधील चेंडूफेक आणि धावणे या दोन कौशल्यांतील संघर्षाचा, त्यामागील वर्णभेदाच्या इतिहासाचा आणि चाहत्यांच्या चर्चेतून घडलेल्या मूल्यमापनाचा आढावा घेण्यात आला आहे.

पिचर आणि धावक : खेळाची घडण

बेसबॉलमध्ये मैदानाच्या एका कोपऱ्यात होम प्लेट आणि उरलेल्या तीन कोपऱ्यांवर तीन बेस असतात. दोन बेसमधील अंतर ९० फूट असते. होम प्लेटपासून ६० फूट ६ इंच अंतरावरून पिचर चेंडू फेकतो व प्लेटमागे बसलेला कॅचर तो झेलतो. पिचरचे हे अंतर १८९३ पासून कायम आहे. फलंदाजाने चेंडू मारला तर धावक पुढे सरकतो, हा सर्वसाधारण क्रम होय. परंतु चेंडू मारला जाण्याची वाट न पाहता, पिचर चेंडू फेकण्याच्या हालचालीत असतानाच धावकाने पुढचा बेस गाठला, तर त्यास बेस चोरणे असे म्हणतात. क्रिकेटशी परिचित असलेल्या वाचकाला चोरटी धाव ही कल्पना नवी नाही. मात्र बेसबॉलमधील चोरी त्याहून वेगळी आहे. येथे चेंडू खेळला जाण्यापूर्वीच धावक आपला निर्णय घेतो आणि त्याची खरी झुंज क्षेत्ररक्षकाशी नसून पिचरच्या मनाशी असते.

धावक बेसवर असला की पिचरला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. समोरच्या फलंदाजाला चकवायचे आणि मागच्या धावकाला रोखायचे. धावकाला रोखण्यासाठी हालचाल आखूड केली तर चेंडूवरील ताबा काही प्रमाणात सुटण्याची शक्यता असते. हालचाल पूर्ण केली तर धावकाला जादा वेळ मिळतो. शिवाय फेकण्याची हालचाल सुरू करून पिचर मध्येच थांबला, तर पंच 'बॉक' देतात व सर्व धावकांना एक बेस बहाल होतो. म्हणजे केवळ पळण्याचा आव आणूनही धावक पिचरकडून चूक करवून घेऊ शकतो. या कारणाने धावणे हे चेंडूफेकीपासून वेगळे काढता येत नाही.

सर्व चोऱ्यांत होम प्लेटची चोरी सर्वात अवघड समजली जाते. दुसरा बेस चोरताना कॅचरला चेंडू झेलून दूरवर फेकावा लागतो. होम प्लेटच्या चोरीत मात्र चेंडू स्वाभाविकपणेच धावकाच्या गंतव्यस्थानी येत असतो. कॅचरला तो झेलून धावकाला स्पर्श करणे एवढेच उरते. म्हणूनच ही चोरी यशस्वी व्हायची असेल तर पिचर बेसावध किंवा संथ असावा लागतो आणि धावकाने त्याच्या हालचालीचा अभ्यास केलेला असावा लागतो.

धावण्याच्या कलेचा ऱ्हास

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत चेंडू फार दूर जात नसे. धावा कमी होत आणि एकेका बेसला मोल असे. डेट्रॉइट संघाच्या टाय कॉबने १९१५ च्या हंगामात ९६ बेस चोरले होते. १९२० मध्ये बेब रूथने एकाच हंगामात ५४ होम रन फटकावल्या आणि खेळाचे स्वरूप पालटले. एका फटक्यात धावा मिळू लागल्यावर धावक गमावण्याचा धोका पत्करणे संघांना महाग वाटू लागले. प्रमुख लीगमधील चोऱ्यांची संख्या पुढे सतत घसरत गेली. १९५० मध्ये अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक बेस चोरणाऱ्या डॉम डिमॅजिओच्या नावावर संपूर्ण हंगामात अवघ्या १५ चोऱ्या होत्या. यावरून ही कला किती क्षीण झाली होती याची कल्पना येते.

परंतु हे चित्र केवळ श्वेतवर्णीय लीगचे आहे. १८८४ मध्ये टोलेडो संघातून मोझेस फ्लीटवुड वॉकर खेळला; त्यानंतर १९४७ पर्यंत प्रमुख लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूला स्थान मिळाले नाही. लिखित नियम नव्हता, पण संघमालकांचा अलिखित करार तितकाच कठोर होता. या बहिष्कारातून कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीग उभ्या राहिल्या. १९२० मध्ये कॅन्सस सिटी येथे रूब फॉस्टरच्या पुढाकाराने नीग्रो नॅशनल लीगची स्थापना झाली. फॉस्टर स्वतः नामांकित पिचर होता आणि व्यवस्थापक म्हणून तो वेगाचा पुरस्कर्ता होता. चेंडू हलकेच टेकवून धावणे, एका फटक्यावर दोन बेस घेणे, प्रतिपक्षाला सतत घाईत ठेवणे ही त्याच्या संघाची रीत होती. पुढे कूल पापा बेलसारख्या धावकांनी ही परंपरा समृद्ध केली. याच लीगमध्ये सॅचेल पेजसारखे पिचर आणि जॉश गिब्सनसारखे दणकट फलंदाजही होते. तेव्हा तेथील खेळ केवळ पळण्याचा होता असे मानणे चुकीचे ठरेल. तेथे सामर्थ्य आणि वेग ही दोन्ही अंगे एकत्र नांदत होती, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

श्वेतवर्णीय वृत्तपत्रांनी या लीगची पुरेशी दखल घेतली नाही आणि जेव्हा घेतली, तेव्हा तेथील शैलीचे वर्णन पुष्कळदा करमणूक किंवा तमाशा या अंगाने केले. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी मात्र तिच्याकडे गांभीर्याने पाहिले. 'पिट्सबर्ग कुरियर'चे वेंडेल स्मिथ आणि 'बाल्टिमोर आफ्रो-अमेरिकन'चे सॅम लेसी या पत्रकारांनी सामन्यांची समीक्षा तर केलीच, पण प्रमुख लीगची दारे उघडावीत यासाठी अनेक वर्षे लेखणी झिजवली.

रॉबिन्सनचे आगमन

जॅकी रॉबिन्सनचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील कैरो येथे झाला. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे तो वाढला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्याने फुटबॉल, बास्केटबॉल, मैदानी स्पर्धा आणि बेसबॉल या चारही खेळांत प्रावीण्य मिळवले. सैन्यात अधिकारी असताना १९४४ मध्ये बसमध्ये मागे जाऊन बसण्यास नकार दिल्याच्या प्रकरणातून त्याच्यावर लष्करी खटला चालला व तो निर्दोष सुटला. १९४५ मध्ये तो नीग्रो लीगमधील कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाकडून खेळला. त्याच वर्षी डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्याला करारबद्ध केले. अपमान झाला तरी प्रत्युत्तर द्यायचे नाही, हे वचन रिकींनी त्याच्याकडून घेतल्याचे सर्वश्रुत आहे.

या वचनाचा आणि रॉबिन्सनच्या धावण्याचा संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. त्याला शिव्यांना उत्तर देता येत नव्हते, पंचांशी वाद घालता येत नव्हता, अंगावर आलेल्या चेंडूचा जाब विचारता येत नव्हता. बेसवर उभे राहून पिचरला अस्वस्थ करणे मात्र खेळाच्या नियमांत बसणारे होते. १८ एप्रिल १९४६ रोजी मॉन्ट्रियल रॉयल्स या दुय्यम संघाकडून जर्सी सिटी येथे खेळताना पहिल्याच सामन्यात त्याने चार वेळा चेंडू यशस्वीपणे टोलावला, त्यात एक होम रन होती. दोन बेस चोरले आणि तिसऱ्या बेसवरून सतत हुलकावण्या देऊन दोन वेळा प्रतिपक्षाच्या पिचरला बॉक करण्यास भाग पाडून धावा मिळवल्या. मॉन्ट्रियलने तो सामना १४-१ असा जिंकला. निमूटपणे सोसण्याची अट असलेल्या माणसाने आक्रमकतेसाठी शोधलेली ही वाट होती.

१५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर त्याने प्रमुख लीगमध्ये पदार्पण केले. त्या हंगामात त्याने २९ बेस चोरून नॅशनल लीगमध्ये अग्रस्थान मिळवले. १९४९ मध्ये ०.३४२ ची फलंदाजी सरासरी आणि ३७ चोऱ्या अशी कामगिरी करून तो लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. नियमित हंगामांच्या सामन्यांत मिळून त्याने १९ वेळा होम प्लेट चोरली. नीग्रो लीगमधील धावण्याची परंपरा त्याच्या रूपाने प्रमुख लीगमध्ये आली, असे इतिहासकारांचे मत आहे आणि ते सयुक्तिक वाटते.

ब्रुकलिनचे चाहते

ब्रुकलिन डॉजर्सच्या चाहत्यांचे जग वैशिष्ट्यपूर्ण होते. एबेट्स फील्ड हे लहानसे, वस्तीत वसलेले मैदान होते. गाईच्या गळ्यातील घंटा वाजवणारी हिल्डा चेस्टर आणि हौशी वादकांचा जथा यांमुळे तेथील प्रेक्षागृह प्रसिद्ध होते. १९१६, १९२०, १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशा सात वर्ल्ड सिरीज संघाने गमावल्या होत्या. त्यांपैकी शेवटच्या पाचही शेजारच्या यांकीज संघाकडून. 'पुढच्या वर्षी पाहू' हे वाक्य तेथे जणू घोषवाक्य झाले होते.

या चाहत्यांची चर्चा केवळ भावनेवर चालत नसे. एकोणिसाव्या शतकात हेन्री चॅडविक या पत्रकाराने धावफलकाची पद्धत रूढ केली आणि त्यामुळे सामान्य वाचकालाही सामन्याचे विश्लेषण करणे शक्य झाले. स्वतःची गुणपत्रिका लिहिणे ही अमेरिकन कुटुंबांतील एक रीत बनली. इतिहासकार डोरिस कर्न्स गुडविन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत, वडील कामावर असताना रेडिओवर ऐकलेल्या सामन्याची नोंद आपण कशी ठेवत असू आणि संध्याकाळी त्यांना संपूर्ण सामना कसा सांगत असू, याचे वर्णन केले आहे. रेडिओमुळे सामना घराघरांत पोहोचला होता आणि दूरचित्रवाणीमुळे तो दिसूही लागला होता. १९५५ ची वर्ल्ड सिरीज ही रंगीत प्रक्षेपण झालेली पहिली सिरीज होय. रॉबिन्सनची ती धाव स्टेडियममधील ६३,८६९ प्रेक्षकांखेरीज असंख्य लोकांनी पाहिली, हे वाद टिकून राहण्याचे एक कारण आहे.

२८ सप्टेंबर १९५५ चा सामना

त्या दिवशी डॉजर्सकडून डॉन न्यूकम आणि यांकीजकडून व्हाइटी फोर्ड हे पिचर होते. न्यूकम कृष्णवर्णीय होता व त्या हंगामात त्याने २० सामने जिंकले होते. फोर्ड हा डावखुरा, नेमक्या जागी चेंडू टाकणारा, धूर्त पिचर होता. कारकिर्दीत वर्ल्ड सिरीजमधील १० विजय त्याच्या नावावर लागले. सामना मात्र पिचरांच्या वर्चस्वाचा झाला नाही. यांकीजच्या जो कॉलिन्सने दोन होम रन फटकावल्या. एल्स्टन हॉवर्डने वर्ल्ड सिरीजमधील आपल्या पहिल्याच संधीत होम रन मारली. हा हॉवर्ड यांकीजचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होता. रॉबिन्सनच्या पदार्पणानंतर तब्बल आठ वर्षांनी यांकीजने कृष्णवर्णीय खेळाडूस संघात घेतले, ही बाब ब्रुकलिनच्या चाहत्यांच्या नजरेतून सुटलेली नव्हती.

सहाव्या डावात यांकीजच्या बिली मार्टिनने तिसरा बेस गाठल्यावर होम प्लेट चोरण्याचा प्रयत्न केला. डॉजर्सचा कॅचर रॉय कॅम्पनेला याने त्याला बाद केले. हा प्रयत्न आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही; परंतु विश्लेषणाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे.

आठव्या डावात डॉजर्स ६-३ असे पिछाडीवर होते. कार्ल फुरिलोने बेस मिळवला. क्षेत्ररक्षणातील चुकीमुळे रॉबिन्सनही बेसवर आला. डॉन झिमरच्या उंच फटक्यावर फुरिलोने धाव पूर्ण केली आणि रॉबिन्सन तिसऱ्या बेसवर पोहोचला. धावसंख्या ६-४ अशी होती, दोन खेळाडू बाद झाले होते आणि फ्रँक केलर्ट हा बदली फलंदाज समोर होता. रॉबिन्सन त्या वेळी ३६ वर्षांचा होता. त्या हंगामात त्याची सरासरी ०.२५६ पर्यंत घसरली होती. ती त्याच्या कारकिर्दीतील नीचांकी सरासरी होती. तो थकला आहे, जाडावला आहे, असे बोलले जात होते. डावखुऱ्या पिचरचे तोंड चेंडू फेकण्यापूर्वी पहिल्या बेसकडे असते व तिसरा बेस त्याच्या पाठीमागे राहतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. फोर्डने हालचाल सुरू करताच रॉबिन्सन सुटला. फोर्डचा चेंडू कॅचर योगी बेराच्या हातात आला आणि रॉबिन्सन घसरत प्लेटवर आला. पंच बिल समर्स यांनी तो सुरक्षित असल्याचा निर्णय दिला. बेरा उसळून उठला आणि पंचांसमोर थयथयाट करू लागला. धावसंख्या ६-५ झाली आणि तीच अखेर कायम राहिली.

पहिला वाद : बाद की सुरक्षित?

या घटनेतून दोन वाद निर्माण झाले. पहिला वाद वस्तुस्थितीचा होता. बेरा याने २०१५ मध्ये निधन होईपर्यंत आपले मत बदलले नाही. त्या प्रसंगाच्या छायाचित्रांवर तो बाद होता असे लिहून तो स्वाक्षरी देत असे. रॉबिन्सनच्या पत्नी रेचल रॉबिन्सन यांनी मात्र तो सुरक्षितच होता असे कायम सांगितले. फलंदाज केलर्ट सर्वात जवळ उभा होता आणि त्याचे मत आपल्याच सहकाऱ्याच्या विरोधात गेल्याची नोंद आहे. चलत्चित्र उपलब्ध असूनही ते सर्वांचे समाधान करू शकलेले नाही, कारण प्लेटला पायाचा स्पर्श आणि शरीराला चेंडूचा स्पर्श यांत क्षणार्धाचे अंतर आहे. कॅचरने चेंडू हातात येण्यापूर्वी प्लेटच्या पुढे येऊन फलंदाजाची संधी हिरावली, तर धावकास धाव मिळते, अशी नियमांत तरतूद आहे. तिचा आधार घेऊन, बेराचा स्पर्श आधी झाला असला तरी धाव योग्यच होती, असाही युक्तिवाद चाहत्यांत केला जातो.

इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक धडा मिळतो. दृश्य पुरावा उपलब्ध असला म्हणजे वाद मिटतो असे नाही. पाहणारा कोणत्या बाजूचा आहे, यावर त्याला काय दिसते हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

दुसरा वाद : शहाणपण की उतावळेपणा?

दुसरा वाद अधिक खोल आहे. दोन धावांनी मागे असताना एका धावेसाठी एवढा धोका का पत्करावा, असा आक्षेप घेतला गेला. रॉबिन्सन बाद झाला असता तर डाव तेथेच संपला असता. शिवाय केलर्टने होम रन मारली असती तर बरोबरी झाली असती; त्यासाठी रॉबिन्सनने तिसऱ्या बेसवर थांबणे पुरेसे होते. बेसबॉलच्या रूढ शहाणपणानुसार हा आक्षेप बिनतोड वाटतो. स्वतः रॉबिन्सननेही १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात, ती डावपेचाच्या दृष्टीने सर्वोत्तम खेळी होती असा दावा केलेला नाही. संघाला कोणीतरी पेटवण्याची गरज होती, अशी त्याची भूमिका दिसते.

परंतु संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा आक्षेप तितका भक्कम राहत नाही. १९७१ मध्ये बेसबॉलच्या अभ्यासकांची संस्था स्थापन झाली आणि बिल जेम्ससारख्या हौशी चाहत्याच्या लेखनातून खेळाच्या संख्याशास्त्रीय अभ्यासाला चालना मिळाली. या अभ्यासानुसार दुसरा बेस चोरायचा असेल तर साधारणतः ७० ते ७५ टक्के यशाची खात्री असावी लागते. त्याखाली तो प्रयत्न तोट्याचा ठरतो. दोन खेळाडू बाद असताना होम प्लेट चोरण्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. अशा स्थितीत धावक तिसऱ्या बेसवर थांबला तर त्या डावात पुढे सरासरी एक-तृतीयांशाच्या आसपास धाव निघते. म्हणजे यशाची शक्यता त्याहून बरीच अधिक असेल, तर धावणे हे थांबण्यापेक्षा फायद्याचे ठरते. दोन धावांची पिछाडी असल्याने हा हिशेब काहीसा बदलतो हे खरे. तरीही ज्या कृतीला उतावळी म्हटले गेले ती निव्वळ गणितानेही असमर्थनीय नव्हती.

येथे मार्टिनच्या प्रयत्नाचे स्मरण उपयुक्त ठरते. त्याच सामन्यात, दोनच डाव आधी, एका श्वेतवर्णीय खेळाडूने तोच धोका पत्करला होता. तेव्हा धाडस ही कोणत्याही वर्णाची उपजत देणगी नव्हती. तो परिस्थिती पाहून घेतलेला निर्णय होता. कृष्णवर्णीय खेळाडूच्या वेगाला निसर्गदत्त म्हणायचे आणि श्वेतवर्णीयाच्या वेगाला चातुर्य म्हणायचे, ही त्या काळातील लेखनाची सवय होती. तिने रॉबिन्सनच्या अभ्यासाचे, निरीक्षणाचे आणि वेळ साधण्याच्या कौशल्याचे श्रेय हिरावून घेतले. तिशी ओलांडलेला, वजन वाढलेला धावक केवळ पायांच्या बळावर होम प्लेट चोरू शकत नाही. फोर्डची हालचाल त्याने वाचली होती, म्हणूनच ती चोरी शक्य झाली.

धावण्याचा चेंडूफेकीवर परिणाम

पहिले दोन सामने गमावल्यावर ३० सप्टेंबर रोजी एबेट्स फील्डवर झालेल्या तिसऱ्या सामन्यात धावणे आणि चेंडूफेक यांचा परस्परसंबंध अधिक स्पष्ट झाला. डॉजर्सचा पिचर जॉनी पॉड्रेस याचा तो तेविसावा वाढदिवस होता. वेगवान चेंडूच्याच हालचालीने संथ चेंडू टाकून फलंदाजाची लय बिघडवणे, हे त्याचे मुख्य अस्त्र होते. दुसऱ्या डावात रॉबिन्सन तिसऱ्या बेसवर असताना यांकीजचा वेगवान पिचर बॉब टर्ली याचा चेंडूवरील ताबा सुटला आणि सर्व बेस भरलेले असताना त्याने फलंदाजाला बेस बहाल केला. परिणामी रॉबिन्सनची धाव आयती मिळाली. सातव्या डावात रॉबिन्सनने दोन बेसचा फटका मारला आणि दुसऱ्या बेसच्या पुढे मुद्दाम जादा अंतर जाऊन तो थांबला. हॉवर्डने त्याला परतताना पकडण्यासाठी दुसऱ्या बेसकडे चेंडू फेकताच रॉबिन्सन तिसऱ्या बेसवर पोहोचला. डॉजर्सने सामना ८-३ असा जिंकला.

४ ऑक्टोबर १९५५ रोजी सातव्या सामन्यात पॉड्रेसने यांकीजला एकही धाव घेऊ दिली नाही आणि डॉजर्सने २-० असा विजय मिळवून आपली पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या सामन्यात रॉबिन्सन खेळला नाही. सिरीजमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान पॉड्रेसला मिळाला आणि तो यथायोग्यच होता. तथापि विजयाचे श्रेय चेंडूफेकीला द्यावे की पहिल्या सामन्यातील त्या धावेने संघाच्या मनात निर्माण केलेल्या ईर्ष्येला, हा चाहत्यांचा आणखी एक आवडता वाद आहे. एका पराभूत सामन्यातील धावेमुळे सिरीज जिंकली गेली असे म्हणणे कार्यकारणभावाच्या दृष्टीने टिकणार नाही. पण त्या सिरीजची आठवण काढताना पॉड्रेसच्या विजयाइतकीच रॉबिन्सनची धाव आठवली जाते, ही वस्तुस्थितीही नाकारता येत नाही.

उत्तरकाळ

१९५६ च्या हंगामानंतर डॉजर्सने रॉबिन्सनला जायंट्स संघाकडे देण्याचा व्यवहार केला. त्याने खेळातून निवृत्ती पत्करली. १९५७ च्या हंगामानंतर डॉजर्स संघ लॉस एंजेलिसला गेला आणि १९६० मध्ये एबेट्स फील्ड पाडण्यात आले. चाहत्यांपाशी मैदान उरले नाही, संघ उरला नाही. उरली ती चर्चा. रॉबिन्सनचे २४ ऑक्टोबर १९७२ रोजी निधन झाले. १९९७ मध्ये त्याचा ४२ हा क्रमांक सर्व संघांनी कायमचा निवृत्त केला.

धावण्याची कला मात्र पुन्हा बहरली. १९६२ मध्ये डॉजर्सच्याच मॉरी विल्सने १०४ बेस चोरून कॉबचा विक्रम मोडला. लू ब्रॉकने १९७४ मध्ये ११८ आणि रिकी हेंडरसनने १९८२ मध्ये १३० चोऱ्या केल्या. हे तिघेही कृष्णवर्णीय होते. पुढे संख्याशास्त्राचा प्रभाव वाढला तसा धोका टाळण्याकडे संघांचा कल झाला व चोऱ्या पुन्हा घटल्या. २०२३ मध्ये बेसचा आकार १५ इंचांवरून १८ इंच करण्यात आला, पिचरवर वेळेचे बंधन आले आणि धावकाला रोखण्यासाठी दर फलंदाजामागे दोनदाच थांबण्याची मर्यादा घालण्यात आली. २०२२ मधील २,४८६ चोऱ्यांच्या तुलनेत २०२३ मध्ये ३,५०३ चोऱ्या झाल्या. प्रेक्षकांना धावणे पाहायला आवडते, याची ही संस्थात्मक कबुलीच होय.

याच काळात दुसरी एक दुरुस्ती झाली. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातील सात नीग्रो लीगना प्रमुख लीगचा दर्जा देण्यात आला आणि मे २०२४ मध्ये तेथील आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली. त्यामुळे कारकिर्दीतील सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा मान कॉबच्या ०.३६७ ऐवजी गिब्सनच्या ०.३७२ कडे गेला. ज्या खेळाला एकेकाळी तमाशा म्हटले गेले, तो इतिहासाच्या मुख्य पानावर आला. मात्र त्यातील अनेक धावा, हुलकावण्या आणि चोऱ्या पाहणारे होते, लिहून ठेवणारे नव्हते. त्या कायमच्या हरवल्या आहेत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. बेसबॉलमधील चेंडूफेक आणि धावणे ही परस्परांवर अवलंबून असलेली कौशल्ये असून धाडसी धावण्याचे मूल्य केवळ चोरलेल्या बेसच्या संख्येवरून ठरवता येत नाही. १९५५ मधील रॉबिन्सनची धाव ही बहिष्कृत लीगमध्ये जोपासल्या गेलेल्या परंपरेची फलश्रुती होती. तिच्याविषयी झालेल्या वादात खेळाच्या तंत्राबरोबरच वर्णाविषयीचे पूर्वग्रहही व्यक्त झाले आणि त्या पूर्वग्रहांना आव्हानही मिळाले. पंचांचा निर्णय क्षणात लागला, परंतु त्या धावेचे मूल्यमापन चाहत्यांनी पिढ्यानपिढ्या चालू ठेवले. धावफलकावर त्या प्रसंगाची नोंद एका चोरीची आणि एका धावेची आहे. ३६ व्या वर्षी, निरोपाच्या उंबरठ्यावर असलेल्या एका माणसाने कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता घेतलेला तो निर्णय होता, ही गोष्ट मात्र चाहत्यांच्या चर्चेनेच जतन केली. खेळाच्या सामाजिक इतिहासासाठी अशा चर्चेचे मोल कागदपत्रांपेक्षा कमी मानता येणार नाही.